ड्युअल १२१९: आर्म उचलला जातो पण रेकॉर्डवर जातच नाही

रामबागकर:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आजोबांचा ड्युअल १२१९ आहे, १९७०च्या आसपासचा जर्मन ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअर, बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. मोटर चालते, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) मस्त फिरतो, पण स्टार्टचा खटका ओढला की आर्म, म्हणजे सुईचा दांडा, वर येतो आणि रेकॉर्डकडे न सरकता जागच्या जागीच खाली बसतो. हाताने नेऊन ठेवला तर वाजतं, पण साइड संपली की परत येत नाही, शेवटच्या रेघेतच फिरत राहतो. शिवाय लिव्हरने खाली सोडला तर हळू उतरायच्या ऐवजी धपकन पडतो. एका मेकॅनिकने सांगितलं की ऑटोचं सगळं काढून टाका, मॅन्युअल करून देतो. मला ते अजिबात नकोय, अमीर खाँसाहेबांच्या एलपी आहेत घरात, त्या खटका ओढूनच लागल्या पाहिजेत.

खटपट्या_बडोदा:
काहीही काढू देऊ नका!! हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तिन्ही वयामुळे, कंपनीचा काही दोष नाही, मशीन धडधाकट आहे.
आर्म सरकत नाही ते एका रबराच्या टोपीमुळे. खाली मेन लिव्हरवर एक पिन आहे, तिच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढी टोपी असते, जर्मन लोक तिला श्टॉयरपिंपल म्हणतात. ऑटो सुरू झालं की ही टोपी आर्मखालच्या पट्टीला दाबून धरते आणि नुसत्या त्या घर्षणावर आर्म आडवा जातो. पन्नास वर्षांत रबराचं एकतर डिंकासारखं काहीतरी होतं नाहीतर भुगा, मग लिव्हर आपला फिरतो पण आर्मला पकड मिळत नाही. पंक्चरवाल्याकडे सायकलच्या वॉल्व्हवर चढवायची बारीक वॉल्व्हट्यूब मिळते, पिन नीट साफ करून तिचा छोटासा तुकडा चढवा, पिनच्या टोकापेक्षा किंचित पुढे राहील एवढाच. तिकडे जर्मनीतही लोक हेच करतात.
हे करायला प्लेअर उलटा करावा लागतो, त्याआधी कार्ट्रिज होल्डर (सुई बसवलेला भाग) आणि मागचं वजन काढा, आर्म स्टँडला बांधा, प्लॅटरची क्लिप काढून प्लॅटर उचलून घ्या. चारी बाजूंनी जाड पुस्तकांचा आधार द्या, आर्मवर भार आला की बेअरिंग गेलं समजा.

स्वरवेडा:
परत न येण्याचं कारण जुनं ग्रीस. प्लॅटरखालच्या मोठ्या कॅमच्या, म्हणजे ऑटोच्या हालचाली चालवणाऱ्या खाचांच्या चाकावर एक छोटा ट्रिप लिव्हर असतो, आर्म आत आला की त्याला अगदी हलका धक्का देतो, आणि हा धक्का इतका नाजूक असतो की ग्रीस मेणासारखं घट्ट झालं तर लिव्हर हलतच नाही. तुमच्या इंदूरला जेल रोडवर मोबाइल रिपेअरवाले आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरतात, ते आणा, कापूसकाडीने पुसा, लिव्हर स्वतःच्या वजनाने लुळा पडला पाहिजे. आणि तिथे तेल घालायचं नाही, कोरडाच ठेवायचा, हे फार महत्त्वाचं आहे कारण सगळे आधी तेलाची बाटलीच काढतात. कॅमच्या खाचेत मात्र नवं ग्रीस लावा, थोडंसंच.

खटपट्या_बडोदा:
+१. धपकन पडतो ते लिफ्टमधलं (आर्म हळू उतरवणाऱ्या भागातलं) सिलिकॉन ऑइल संपल्यामुळे. ते खूप दाट लागतं, ५,००,००० सीएसटी (सेंटिस्टोक, दाटपणाचं माप), शिवणयंत्राचं तेल चालणार नाही. रिमोटच्या रेसिंग गाड्यांच्या डिफरन्शियलला घालतात ते ऑनलाइन मिळतं, छोटी बाटली जन्मभर पुरेल.

रामबागकर:
दादा, वॉल्व्हट्यूब बसली आणि आर्म गेला!!! घरात सगळ्यांना हाका मारून दाखवलं. परतही येतोय. फक्त सुई पहिल्या रेघेच्या बरीच आत उतरते, आलापाची सुरुवातच निघून जाते.

स्वरवेडा:
वा वा! त्याला अ‍ॅडजस्टमेंट आहे, आर्मच्या बुडाशी एक स्क्रू दिसेल, तो थोडा थोडा फिरवून बघत जा. पण ट्रायल घेताना खाँसाहेबांची एलपी ठेवू नका, आधीच ओरखडे पडलेली एखादी लावा, आणि दर वेळी आर्मचं चक्र पूर्ण होऊ द्या, मध्येच हाताने धरलात तर नवं रबर पुन्हा सरकेल.