रात्री दोन वाजता कार्ड कोणाला दाखवायचं?

काळीमाती, यवतमाळ जिल्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एकाला मण्यार (विषारी साप) चावली. जमिनीवर निजला होता. मण्यारीचे दात इवलेसे, चावली तरी धड दुखत नाही. मध्यरात्री पोटात कळ आली म्हणून घरच्यांनी ओवा दिला. मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. रात्री दोनला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेला तर आत फक्त शिपाई. केंद्राचं नाव सांगत नाही, त्याचा उपयोग नाही. १०८ तालुक्याहून आली, आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात नेलं, चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून माणूस वाचला. त्याच्या बायकोच्या पिशवीत मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं कार्ड होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ज्याची उपचारांची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, तेच. ते तिनं शिपायाला दाखवलं.

ही योजना २०१२ साली जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले अमरावती आणि गडचिरोलीही होते. हजारोंच्या बायपास झाल्या, नाही म्हणत नाही. पण कार्ड ऑपरेशन विकत घेतं. पहिले चार तास गावात कोणी विकतच नाही, तर घेणार काय? ते सरकारनं स्वतः उभं करायचं असतं. माणूस, सापाच्या विषावरची लस आणि उजेड.

मेडिकलवाला

भाऊ, मीही हेच बघत आलोय, पण निष्कर्ष उलटा काढतो. पगार चालू आणि दार बंद, हे सरकारी दवाखान्यातच चालतं. मुख्यालयी राहतो असं लिहून घरभाडं उचलायचं आणि राहायचं यवतमाळात. आमच्या बाजारगावात दोन खासगी डॉक्टर रात्री उठतात, कारण उठले नाहीत तर पेशंट दुसरीकडे जातो. सरकारनं त्यांनाच पेशंटमागे पैसे द्यावेत. पैसा सरकारचा असू द्या, दवाखाना चालवायचा हट्ट कशाला?

काळीमाती

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून आपण जागलीला माणूस ठेवतो. त्याला डुकरामागे पैसे देता का तुम्ही? महिनाभर एकही डुक्कर आलं नाही तरी मजुरी द्यावीच लागते, कारण तो बसलाय म्हणूनच पीक उभं आहे. दंशाचा पेशंट महिन्यात एक येईल, नाहीतर एकही नाही. पेशंटमागे पैसे म्हटले तर उरलेल्या रात्री कोण बसेल?

हाओ_ना_बावा

अन् जागल्या मचानावर झोपला त काय कराचं मंग?

एक आशा

दादा लोकहो, झोपलेल्यांबद्दल बोलताय, जागलेल्यांबद्दलही बोला. उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येला एक, आदिवासी भागात तीन हजाराला. आरोग्य केंद्र तीस हजाराला, आदिवासी भागात वीस हजाराला. हे कागदावरचं. आमच्या सिस्टरकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज आहे, क्वार्टर गळतं, बाईमाणूस एकटी रात्री तिथे कशी राहील? दवाखान्यात बाळंतपण झालं की मी बाळाच्या सहा भेटी करते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. वजन, ताप, श्वास मोजायचे. सहाही झाल्या की अडीचशे रुपये. पगार नाही, मोबदला. मेडिकलवाले काका, तुमचं पेशंटमागे पैसे हेच आहे ना? आम्ही ते जगतोय.

मेडिकलवाला

ताई, तुमचा मुद्दा लागला. पण या भेटी कुठून आल्या तेही सांगा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ते छापून आलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं ज्वारी वर्गणी घेऊन गावांचा आरोग्यविमा चालवला. सरकारी खात्यात कोणाला सुचलं असतं का हे?

काळीमाती

नसतं सुचलं, कबूल. पण ३९ गावांतली गोष्ट देशभरच्या आशांकडे गेली ती २०११ साली, सरकारनं हातात घेतली तेव्हा. प्रत्येक तालुक्याच्या नशिबी बंग दांपत्य कुठून आणणार? माझ्या गावाला साधा, कंटाळलेला, पण हजर असलेला डॉक्टर चालेल.

निवृत्त कारकून

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. तुम्ही ‘सरकार’ म्हणता तो एक माणूस नाही. उपकेंद्र आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक. मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं. तुमचा मण्यारीचा पेशंट एका रात्रीत तीन मालकांच्या दारातून गेला, आणि प्रत्येक दारी नवा केसपेपर. आरोग्य केंद्रात लस का नव्हती विचारलं तर वरून पुरवठा नाही म्हणतात. वर विचारलं तर मागणीच आली नाही. माझ्या टेबलावरून अशी पत्रं गेली आहेत, त्यांची भाषा मला पाठ आहे.

आणि जाब कोणी विचारायचा? दवाखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत लोकांनी निवडलेला माणूस बसवायची सोय आहे. पण आपल्यासह बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. निवडून आलेला सदस्यच नसेल तर अध्यक्षाची खुर्ची कोणाची? ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, चांगलं झालं. फक्त तेव्हापासून लोक म्हणतात, फुकटाला काय विचारायचं. पूर्वी पाच रुपये देऊन भांडायचे तरी.

मेडिकलवाला

कारकूनसाहेब, हे तर माझ्याच बाजूचं झालं. तीन मालक असतील तर एकही नको.

निवृत्त कारकून

तीन मालक नको म्हणजे एक हवा, असं मी म्हणतो. तुम्ही शेत विकायला निघालात.

एक आशा

माझ्या गावात घोणसही निघते. तिच्या दंशात रक्त गोठत नाही. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं वाट पाहायची, एवढी साधी तपासणी. ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी दाखवली होती. नळी पाच-दहा रुपयांची. इथे मालक कोण याची वाट पाहू नका, नळी तरी ठेवा.

हाओ_ना_बावा

मालक कोनी का असेना, मिरग निंगाला, आता पेरनी करतानी पाय कुठी पडल सांगता येत नाही. मी उद्या आठवडी बाजाराले चाललोच हाओ. आरोग्य केंद्राच्या कपाटात सापाच्या लसीच्या किती कुप्या हायेत ते डोयानं पाहून येतो अन् इथं लिवतो. पहिल्या डोसालेच आठ-दहा लागतात म्हनते सिस्टर. कोनी आपल्या गावचं पाहाल त तुमीबी लिवा.