मदत हवी आहे : बागेतल्या कारागीर बाजाराची निविदा (तातडीचं)

मठारकाम
पुणे महापालिकेच्या बागेत शनिवार-रविवार कारागिरांचा बाजार चालवायला संचालक नेमायचाय, त्याची ऑनलाइन निविदा निघालीय. आम्हाला भरायचीय. सगळं भरलं, पण शेवटी अडतंय. कुणी केलंय का हे? लवकर सांगा, गोल गोल उत्तरं नकोत.

पेठेतला_पाहुणा
कुठली बाग? पु. ल. देशपांडे उद्यान, संभाजी उद्यान की आणखी कुठली? मुदत कधी संपतेय? आणि अडतंय म्हणजे नक्की काय होतंय?

मठारकाम
बागेचं काय घेऊन बसलात! सही करायला गेलं की पुढे जात नाही.

निविदाकार
बागेने फरक पडतो हो. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, मग माल आत न्यायचा कधी? असो. सही अडतेय म्हणजे डीएससी, तुमची डिजिटल सही. क्लास 3 आहे ना? संगणकावर जावा चालतंय का बघा, निम्मी भांडणं तिथलीच. दर भरायच्या एक्सेल फाइलचं नाव बदलू नका, पोर्टल घेत नाही. भल्याभल्यांनी तिथे माती खाल्लीय. सगळं अपलोड झालं तरी शेवटी बोली 'फ्रीज' म्हणजे पक्की करावी लागते, नाहीतर भरलीच नाही असं धरतात. बयाणा, म्हणजे बोलीसोबतची अनामत, एनईएफटीने भरणार असाल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

कोथरूडकर_बाबा
लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र काढा. बयाणा माफ. विषय संपला.

निविदाकार
बाबा, लघुउद्योगांसाठीचं ते 2012 चं धोरण केंद्राची खाती नि उपक्रम जी खरेदी करतात तिच्यासाठी आहे. इथे महापालिका काही विकत घेत नाहीये, उलट संचालकच तिला पैसे देणार. निविदेत माफी लिहिली असेल तरच मिळेल.

कोथरूडकर_बाबा
माझ्या मेहुण्याला मिळाली होती.

निविदाकार
कुठे?

कोथरूडकर_बाबा
रेल्वेत.

निविदाकार
मी वेगळं काय म्हणतोय?

हिशेबनीस
जीएसटीचं लक्षात ठेवा. फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण स्टॉलचं भाडं घेणं ही सेवा, तिला मर्यादा 20 लाख.

मठारकाम
हे कुणी विचारलं?

पहाटफेरी
मुळात बागेत बाजार हवाच कशाला? सारसबागेबाहेर भेळेच्या गाड्या आहेत तेवढ्या पुरे. आता आत पण ठोकठोक.

गुलमोहर_ताई
ठोकठोक नव्हे, तांब्याच्या भांड्यावर ठोके देतात त्याला मठारकाम म्हणतात. तांबट आळीत जाऊन बघा एकदा. अगं मठारकाम, तू सरळ भीमथडी जत्रेत स्टॉल घे ना. बचत गट आहे का तुमचा?

निविदाकार
एक सांगा, डीएससी कुणाच्या नावाची आहे? पोर्टलवर नोंदणी कुणाची?

मठारकाम
डीएससी भाच्याची. नोंदणी त्याच्या दुकानाच्या नावाने, कारण आमचा गट कुठे नोंदलेला नाही. आम्ही तांबट, दोन बुरूड आणि कुंभारवाड्यातले एक काका. निविदेत प्रदर्शनं भरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव मागितलाय, तो आमच्याकडे कुठून येणार? उद्या प्री-बिड मीटिंग आहे, बोलीआधी शंका विचारायची.

निविदाकार
हे आधी सांगायचं ना! मग सही चालली तरी पात्रता बघतात त्या तांत्रिक पाकिटातच बाद व्हाल, दराचं पाकीट उघडणारही नाहीत. भागीदारी आज नोंदलीत तरी अनुभव आजपासूनच मोजणार. शिवाय संचालकाचं काम म्हणजे मांडव, वीज, सफाई, रखवाली, स्टॉलवाटप आणि बाजार बसला नाही तरी महापालिकेचं शुल्क भरायचं. हातोडी कधी धरणार मग?

माझं ऐका, बोली सोडा, मीटिंगला मात्र जा. जास्तीत जास्त पैसे देणाऱ्यालाच काम मिळणार असेल तर तो ते स्टॉलभाड्यातून काढणार, आणि ते भाडं झेपणार कारखान्याचा माल आणून विकणाऱ्यांनाच. म्हणून लेखी मागा : स्टॉलभाड्याला कमाल मर्यादा आणि विकास आयुक्त (हस्तकला) यांचं ओळखपत्र असलेल्या कारागिरांना राखीव जागा. मान्य झालं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्या बोलीदारांना लागू होतं.

कोथरूडकर_बाबा
किंवा अनुभव असलेल्या एखाद्या इव्हेंटवाल्याच्या नावाने भरा, आतून भागीदारी ठेवा.

निविदाकार
आणि त्याने नंतर हात वर केले तर काय दाखवणार? उघड संयुक्त बोली चालते का ते विचारा, आतलं काही नको.

मठारकाम
ओळखपत्र आमच्यातल्या तिघांकडे आहे. कुंभारकाकांकडे नाही. पत्र मराठीत दिलं तर चालेल ना?

निविदाकार
चालेल. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

पेठेतला_पाहुणा
पण बाग कुठली ते राहिलंच. आणि मठारकामताई, तांब्याचा बंब करून देता का? जुन्याला भोक पडलंय.