मदत हवी आहे : २०७० मधल्या हापूसवर विनोदी शॉर्ट फिल्म
नमस्कार मंडळी, आम्ही देवगडात १० मिनिटांची विनोदी शॉर्ट फिल्म करतोय, साल २०७०, आजोबा बँकेच्या लॉकरमधनं लाकडी पेटी काढतात, आत पेंढ्यात एकच हापूस, आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तो नुसता हुंगायला देतात! हसू यायला हवं पण खोटं वाटायला नको, कारण थंडी उशिरा आली की मोहराऐवजी पालवी, अवकाळी पाऊस पडला की करपा रोग, २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळाने बागेत पडलेला आंब्यांचा सडा, हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. कोणाकडे जुनी लाकडी पेटी आहे का? आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याचे बॉक्स. आणि आजोबांचे मालवणी संवाद कोण तपासून देईल? बागायतदारांनो, तुडतुडे या मोहरावरच्या किडीसाठी करतात त्या फवारणीचा सीन कसा दाखवू तेही सांगा प्लीज.