बारावी अर्थशास्त्र: मागणीचा नियम पाठ आहे पण उदाहरण आलं की अडतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. बारावी कॉमर्स, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. क्लास फक्त अकाउंट्सचा आहे, इको म्हणजे पाठांतराचा विषय असं धरून पोरं गाईडमधल्या व्याख्या घोकतात आणि कॉलेजातही घाईघाईत उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. हिचं पाठांतर पक्कं आहे, इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत घटली की मागणी वाढते, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. पण ८० मार्कांच्या पेपरात ते 'उदाहरणावरून संकल्पना ओळखा' आणि 'सहमत आहात किंवा नाही' असतं ना, तिथे गाडी अडते.

परवा मला म्हणाली, दादा, श्रावणात चिकनचा भाव उतरतो तरी लोक कमीच घेतात, आणि गटारीला भाव चढलेला असतो तरी दुकानापुढे ही रांग, मग नियम चुकतो ना? अपवादांत शोधलं तिने, पण गिफेन वस्तू म्हणजे हलक्या प्रतीच्या, आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणावं तर तसंही नाही, चिकन कशातच बसेना. मी सायन्सवाला, मला पटेल असं उत्तर देता आलं नाही. शिवाय विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास हे चारही तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. आणि कांद्याची मागणी कमी लवचीक (म्हणजे भाव बदलला तरी फारशी न बदलणारी) का, हे पण कोणीतरी नीट सांगा. प्लीज 'पाठ कर, होईल' असं नको, पोरगी विचार करतेय तर तिला समजलं पाहिजे.

प्रतिसाद:
प्रश्न फार छान विचारलाय तिने, शाब्बास सांगा. हा अपवाद नाहीच. नियम 'इतर परिस्थिती कायम असताना' लागू होतो आणि श्रावणात तीच कायम राहत नाही, घरोघरी खाणंच बंद. भाव आधीचाच राहिला असता तरी खप पडलाच असता. म्हणजे मागणी आधी पडली आणि म्हणून भाव उतरला, तिने हे उलटं धरलंय. हा मागणीतला ऱ्हास, आख्खा मागणीचा वक्र (कुठल्या किमतीला किती मागणी ते दाखवणारी रेषा) डावीकडे सरकतो. गटारीला वृद्धी, वक्र उजवीकडे. विस्तार-संकोच मात्र फक्त त्या वस्तूच्या किमतीमुळे होतात, तिथे वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच्यावरच खाली किंवा वर जातो. तिला सांगा, कुठलंही उदाहरण आलं की आधी बघायचं पहिल्यांदा काय बदललं, किंमत की दुसरं काही (उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूचा भाव), निम्मं काम तिथेच होतं. चिकनच्या दोन्ही आकृत्या तिच्याकडून काढून घ्या, क्ष अक्षावर मागणी, य अक्षावर किंमत, नावं लिहायला विसरू नको म्हणावं.

कांद्याचं: भाव दुप्पट झाला म्हणून फोडणीतला कांदा कोणी निम्मा करत नाही, त्यामुळे भाव वाढला की एकूण खर्च वाढतो. एकूण खर्च पद्धतीत यालाच कमी लवचीक म्हणतात. आणि हेच उलटं फिरलं की शेतकरी मरतो, लासलगावला आवक जोरात झाली की भाव इतका कोसळतो की माल जास्त विकूनही पट्टी (विक्रीचे हातात येणारे पैसे) कमीच येते.

धागाकर्ता:
खूप आभार! वाचल्या वाचल्या तिने वही काढली. आता विचारतेय, श्रावणात भाज्या महागतात ती पण वृद्धीच का, की पावसाने माल कमी येतो म्हणून पुरवठ्याची बाजू?

प्रतिसाद:
दोन्ही असू शकतं. उपवासांमुळे खप वाढला तर वृद्धी. पावसाने माल कमी आला तर पुरवठ्याचा वक्र डावीकडे, आणि मग वाढलेल्या भावामुळे मागणीचा फक्त संकोच. पेपरात कारण कुठलं दिलंय ते वाचून ठरवायचं.