शाखा वाढल्या की गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा गंध कमी होतो का?

औंधचा_ग्राहक (प्रश्न)

पुण्याच्या पूर्व भागातील एका मायक्रोब्रुअरीची, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या जागेची, बिअर मी गेली सहा वर्षे नियमितपणे पीत आलो आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नसून कारण समजून घ्यायचे आहे. या सहा वर्षांत त्यांनी जी जी नवी बिअर आणली, ती कोणत्या तारखेला प्यायलो, गंध कसा होता, कडूपणा किती होता, हे मी एका वहीत लिहून ठेवले आहे. घरच्यांना तो छंद हास्यास्पद वाटतो, परंतु आज तीच वही उपयोगी पडते आहे.

गेल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. त्यांनी पाचशे लिटरच्या टाक्यांच्या जागी दोन हजार लिटरच्या टाक्या बसवल्या आणि शहराच्या पश्चिमेला, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, दुसरे टॅपरूम, म्हणजे नळातून बिअर देणारे दालन, उघडले. तिथे बिअर तयार होत नाही, केग, म्हणजे बिअरची धातूची पिंपे, भरून आणले जातात. तेव्हापासून त्यांच्या हेफेवायझन या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध मला जवळजवळ येईनासा झाला आहे. वहीतल्या जुन्या नोंदींत ‘केळे ठळक, लवंग मागाहून’ असे अकरा वेळा लिहिलेले आहे. नव्या ठिकाणच्या सातही नोंदींत ‘स्वच्छ, हलकी, गंध फारसा नाही’ एवढेच आहे. यात मोठ्या टाक्यांचा दोष आहे, वाहतुकीचा आहे, की माझ्या जिभेचा? शिवाय दर पंधरा दिवसांनी नव्या फळाची बिअर जाहीर करण्याच्या नादात नेहमीच्या चार बिअरकडे दुर्लक्ष होत असावे, अशीही शंका येते.

टाकीजवळचा

मी बारा वर्षे ब्रुअरीच्या उत्पादन विभागात काम केले आहे, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर देऊ शकतो. हेफेवायझनमध्ये केळे नसते आणि लवंगही नसते. हे दोन्ही गंध त्या बिअरसाठी वापरले जाणारे विशिष्ट यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारी बुरशी, तयार करते. केळ्याचा गंध आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरमुळे (एस्टर म्हणजे फळांसारखा गंध देणारी संयुगे) येतो, तर लवंगेचा गंध गव्हाच्या आणि बार्लीच्या माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील, फेरुलिक आम्लापासून यीस्ट बनवते. म्हणून लवंग हवी असेल तर ब्रुअर माल्ट भिजवताना मिश्रण काही काळ ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवतो, आणि केळे हवे असेल तर किण्वनाचे, म्हणजे आंबवण्याचे, तापमान थोडे चढू देतो.

आता टाकीचा प्रश्न. उंच टाकीच्या तळाशी द्रवाचा दाब अधिक असतो, तिथे कार्बन डायऑक्साइडही अधिक विरघळलेला राहतो आणि त्यामुळे यीस्टकडून एस्टर कमी तयार होतात. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील काही जुन्या ब्रुअऱ्या गव्हाची बिअर अजूनही उथळ, उघड्या हौदांत आंबवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पाचशे लिटरवरून दोन हजारांवर जाताना ब्रुअरने जुनीच कृती चारपट करून वापरली, तर गंध कमी होणे अपेक्षितच आहे. मात्र तो परत आणता येतो: तापमान एक-दोन अंशांनी वाढवावे लागते, सुरुवातीला घालायच्या यीस्टचे प्रमाण बदलून पाहावे लागते, आणि तेच यीस्ट किती पिढ्या पुन्हा वापरायचे यावर मर्यादा घालावी लागते, कारण गव्हाच्या बिअरचे यीस्ट वारंवार वापरल्यावर आपला स्वभाव बदलते. हे सारे नव्या टाक्यांच्या पहिल्या आठ-दहा खेपांत शिकूनच साधते. टाक्या मोठ्या झाल्या म्हणजे चव कायमची गेली, असे मानण्याचे कारण नाही.

एक गैरसमजही इथेच दूर करतो, कारण पुढचे कोणीतरी पाण्याचा विषय काढणारच. चेक प्रजासत्ताकातील प्ल्झेनचे पाणी मऊ म्हणून तिथे पिल्सनर ही बिअर घडली आणि इंग्लंडमधील बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, म्हणून तिथली पेल एल ही बिअर गाजली, हे खरे. परंतु आजच्या ब्रुअऱ्या पाण्यातील क्षार यंत्राने काढून टाकतात आणि हवे तेवढे कॅल्शियम सल्फेट किंवा क्लोराइड परत घालतात. ‘खडकवासल्याच्या पाण्याची बिअर’ ही कल्पना रम्य असली, तरी आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

देवळाली_कॅम्प

वरचे शास्त्र मान्य करूनही एक वेगळी बाजू मांडतो. आपल्याकडे शाखा ज्या पद्धतीने वाढतात, त्यामागे राज्याचा परवाना आहे. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीला आपली बिअर केगमध्ये भरून दुसऱ्या परवानाधारक ठिकाणी देता येते. त्यामुळेच २०१४च्या सुमारास डोंबिवलीसारख्या औद्योगिक गावात बिअर बनवून ती मुंबईच्या बारना पुरवणारी गेटवे ब्रुइंग कंपनी उभी राहू शकली, आणि २००९मध्ये पुण्यातील एका हॉटेलच्या आवारात सुरू झालेली डूलॅली पुढे मुंबईत एकामागून एक टॅपरूम उघडू शकली. पुण्याच्या घोरपडी-मुंढवा भागात २०१४मध्ये सुरू झालेली इंडिपेंडन्सही नंतर अंधेरीत गेली. या पद्धतीत विस्तार म्हणजे नवी ब्रुअरी असेलच असे नाही; बहुतेकदा ती नवी नळी असते, आणि नळीच्या दोन टोकांमध्ये काय घडते याकडे पिणाऱ्याने पाहिले पाहिजे.

जाता जाता: डूलॅली हा शब्द आमच्या देवळालीचा आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक नाशिकजवळच्या या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत आणि उष्म्याने, रिकामपणाने भ्रमिष्ट होत, त्यांना ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हटले जाई. त्यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, आपला ‘ताप’. टॅपरूमच्या पाटीखाली उभे राहून हे सांगितले की मित्र पहिली पिंट माझ्या नावावर टाकतात, हा भाग वेगळा.

बंगळूरचा_मराठी

इथल्या परिस्थितीशी तुलना उद्बोधक ठरेल. कर्नाटकात मायक्रोब्रुअरीला आपली बिअर बनवलेल्या जागीच विकावी लागते. केग भरून दुसऱ्या शाखेला पाठवता येत नाही. परिणामी शाखा काढायची म्हणजे टाक्या, बॉयलर, ब्रुअर सगळे नव्याने उभे करावे लागते. इंदिरानगरची टॉइट ही मायक्रोब्रुअरी २०१०मध्ये सुरू झाली आणि बरीच वर्षे एकाच जागी होती. पुढे तिची शाखा पुण्यात कल्याणीनगरला निघाली. बिअर ताजी मिळते, हा आमचा फायदा. परंतु दोन ब्रुअऱ्यांत एकच कृती वापरूनही दोन वेगळ्या बिअर तयार होऊ शकतात. तेव्हा केग पाठवणे हाच दोष आहे, असे समजू नये. उलट तुमच्याकडे दोन्ही ठिकाणची बिअर एकाच टाकीतली असते, त्यामुळे कारण शोधणे तुम्हांला अधिक सोपे आहे.

काउंटरपलीकडून

मी टॅपरूममध्ये बिअर ओतण्याचे काम करतो. टाकीची चर्चा ग्राहकांना फार आवडते, परंतु माझ्या अनुभवात दहांपैकी सात तक्रारी केगपासून ग्लासापर्यंतच्या शेवटच्या पाच मीटरमध्ये जन्म घेतात. प्रश्नकर्त्यांनी पुढच्या वेळी काही गोष्टी पाहाव्यात.

हेफेवायझन गाळलेली नसते, तिचे गढूळपण आणि चवीचा बराचसा भाग तिच्यातील यीस्टमध्ये असतो. केगमधली नळी तळापर्यंत जाते आणि बिअर तळातून वर येते. केग शीतगृहात आठवडाभर उभा राहिला की यीस्ट खाली बसते. मग पहिल्या चार-पाच ग्लासांत दाट, ढगाळ बिअर जाते आणि उरलेला केग पातळ होत जातो. म्हणून जाणकार लोक गव्हाच्या बिअरचे केग उलटे ठेवतात आणि जोडण्यापूर्वी सुलटे करतात, किंवा निदान लोळवून घेतात. जिथे खप कमी, तिथे हा प्रकार अधिक होतो. आपली बिअर काचेसारखी नितळ दिसत असेल, तर गंध नसण्याचे नवल नाही.

नळ्यांची सफाई दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याने व्हावी, हा सर्वमान्य नियम आहे. तो पाळला नाही की लोण्यासारखा किंवा आंबूस वास येतो. आपण ‘स्वच्छ, हलकी’ असे लिहिले आहे, म्हणजे तिथे नळ्या ठीक असाव्यात.

आणि तिसरी गोष्ट, जी विचारायला लोक संकोचतात: ग्लास कसा होता? फ्रीजरमध्ये ठेवलेला, पांढरे दव धरलेला ग्लास दिसायला सुंदर असतो आणि आमच्याकडे ग्राहक तो मागूनही घेतात. परंतु गोठलेल्या ग्लासात बिअर शून्याच्या जवळ जाते आणि एस्टरचे गंध वर उठतच नाहीत. हलकी लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली नेहमीची सोनेरी बिअर, तशी प्यायला हरकत नाही. गव्हाच्या बिअरला सहा ते आठ अंश पुरेसे असतात.

आंबट_चव

मूळ प्रश्नातील शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे. नवी बिअर आणणे म्हणजे नेहमीच्या बिअरकडे दुर्लक्ष करणे नव्हे. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीने मीठ घातलेली कोकमाची बिअर आणली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. परंतु जर्मनीतील गोजे या जुन्या प्रकारात मीठ आणि धणे असतातच, आणि आंबट-खारट पेय उन्हाळ्यात कसे लागते हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. हापूसच्या नावाने साखरेचा पाक विकणाऱ्या बिअरही निघतात, हे मी नाकारत नाही. तथापि त्यांचा राग कोकमावर काढू नये. हेफेवायझन तरी पुण्याची कुठे आहे?

टाकीजवळचा

शेवटच्या वाक्यावर हसू आले, परंतु एक व्यावहारिक मुद्दा नोंदवतो. टाक्यांची संख्या मर्यादित असते. चार टाक्यांपैकी एक सतत हंगामी बिअरसाठी राखली, की उरलेल्या बिअर टाकीतून लवकर काढण्याचा मोह होतो. हेफेवायझनला त्याचा त्रास कमी, कारण ती दोन-तीन आठवड्यांत तयार होते. खरा फटका लागरला बसतो, कारण तिला थंड टाकीत कित्येक आठवडे विश्रांती लागते. म्हणून दुर्लक्ष ओळखायचे असेल तर लागर मागवून पाहावी.

औंधचा_ग्राहक

सर्वांचे आभार. काल शनिवारी दोन्ही ठिकाणी जाऊन आलो आणि आपण सुचवल्याप्रमाणे पाहणी केली. मुलाने गाडी चालवली, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ ब्रुअरीत केग कधी भरला हे त्यांनी लगेच सांगितले: मंगळवारी. बिअर ढगाळ होती, ग्लास साधा, धुऊन ओला केलेला. केळ्याचा गंध जुन्या नोंदींइतका ठळक नव्हता, पण होता; लवंग मात्र पूर्वीसारखीच. तेव्हा मोठ्या टाक्यांमुळे थोडा फरक पडला आहे, असे मला वाटते. लागरही मागवली आणि तिच्यात काही वावगे आढळले नाही, म्हणून फळांच्या बिअरवरचा माझा आरोप मागे घेतो.

पश्चिमेच्या टॅपरूममध्ये त्याच टाकीतला, त्याच दिवशी भरलेला केग होता. बिअर तेवढीच ढगाळ दिसत होती. ग्लास मात्र थेट फ्रीजरमधून आला, बाहेरून बर्फाची खपली धरलेला. पहिल्या घोटात गंध नाही. मी तो ग्लास पंधरा मिनिटे दोन्ही हातांत धरून बसलो, शेजारच्या टेबलावरच्यांना मी देवळालीहून आलो आहे असे वाटले असावे. आणि मग केळे आले. जुन्या वहीतले सगळे नाही, परंतु मूळ ब्रुअरीत मिळाले तेवढे निश्चित.

काउंटरवरच्या मुलाला पुढच्या वेळी साधा ग्लास देण्याची विनंती केली. तो म्हणाला, ‘काका, साधा ग्लास दिला की लोक परत पाठवतात.’