शब्दचर्चा: खावटी

प्रश्न: अहवालात ‘कौटुंबिक अन्न असुरक्षितता’ असा शब्द येतोय. बोलताना असं कोणी म्हणत नाही. उपासमार, टंचाई, आबाळ की खावटी?

जव्हारहून: उपासमार फार पुढची पायरी. चूल पेटते, पण भाकरी लहान होते, आई शेवटी जेवते, शेजारून पायलीभर उसनं येतं, तिथे तो शब्द भारी पडतो. आमच्याकडे लावणी उरकते तोवर कणगीनं तळ गाठलेला असतो. नवी नागली, भात हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधल्या दिवसांत पोटाला लागतं ते धान्य किंवा पैसा म्हणजे खावटी. तेव्हा हे दुखण्याचं नाव नाही, औषधाचं आहे.

कुडाळहून: आमच्याकडे भात झोडलं की बियाण्याचं वेगळं काढतात, खावटीचं वेगळं. उरलं तर विक्री, बहुधा उरत नाहीच! शिवाय गावच्या सहकारी सोसायटीचं खावटी कर्ज असतं, पिकासाठी नव्हे तर घरखर्चासाठी. म्हणूनच ते कर्जमाफीत धरायचं की नाही यावर वाद होतात.

नाशिकहून: सरकारदरबारीही शब्द जुनाच. आदिवासी विकास महामंडळ १९७८ पासून पावसाळ्यासाठी खावटी कर्ज देत असे, थोडं रोख, थोडं धान्य. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२० मध्ये त्याचं पूर्ण अनुदान झालं. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० च्या वस्तू: मटकी, चवळी, तूरडाळ, शेंगदाणा तेल, मिरची पूड, चहापत्ती वगैरे. वाटप मात्र २०२१ वर गेलं. भुकेच्या महिन्यांसाठीची मदत वेळ चुकवून आली, तर तिला खावटी कशाला म्हणायचं, हा माझा आक्षेप.

प्रश्नकर्ता: मग ‘शिधा’?

जव्हारहून: शिधा म्हणजे न शिजवलेलं धान्य, भटजीला किंवा गोसाव्याला द्यायचं. ‘शिधापत्रिका’ कार्डावर छापलेली, तोंडात रेशनच. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल मिळालं, तो ‘आनंदाचा शिधा’. त्यात दानाचा वास आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्काचं ठरलं, त्याला शिधा म्हणणं मला खटकतं.

कुडाळहून: अहवालात सरळ लिहा, ‘भात वर्षभर पुरत नाही, पावसाळ्यात खावटी घ्यावी लागते.’ फक्त ‘खावटीग्रस्त’ असलं काही घडवू नका.