‘संवेदक’ की ‘वेधक’? आणि मेंदूतली पेशी ‘फायर’ होते, म्हणजे मराठीत काय होते?

शब्दवेडी:
एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. आकडी येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी चार पानांची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. विषय आहे मेंदूच्या तपासणीचं नवं हेल्मेट, मेंदूतून बाहेर येणारं इवलंसं चुंबकीय क्षेत्र मोजणारं. नॉटिंगहॅम आणि लंडनच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं ते. ते घालून माणूस मान हलवू शकतो, चहा पिऊ शकतो, बॅटने चेंडू टोलवू शकतो, आणि तपासणी चालूच राहते. एका जागी न बसणाऱ्या पोरांसाठी हे केवढं मोठं आहे, ते त्यांच्या आयांनाच कळेल.

माझं वाक्य असं होतं: ‘हेल्मेटमधले पुंज-संवेदक चेतापेशींची सक्रियता मोजतात.’ पुंज-संवेदक म्हणजे क्वांटम सेन्सर, चेतापेशी म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी. शेजारच्या वहिनींना वाचायला दिलं, त्यांच्या धाकट्याला आकडी येते. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे ह्याला काय वाटतंय ते त्या टोपीला कळणार?” त्यांची काहीच चूक नाही. संवेदना म्हटलं की आपल्याला वाटणं, दुखणं आठवतं, नाहीतर पेपरातल्या शोकसंवेदना.

तर सेन्सरला दुसरा शब्द आहे का? शिवाय पेशी ‘फायर’ होते, म्हणजे विजेचा संदेश सोडते, तिथे मी ‘आवेग निर्माण होतो’ असं लिहिलंय. वहिनींना आवेग म्हणजे रागाचा झटका वाटला.

निरुक्त:
संवेदक चूक नाही हो. सम् अधिक विद्, म्हणजे नीट जाणणे. वेद, विद्या, वेदना, सगळे एकाच घरातले. जाणतो तो संवेदक. शब्द नवा आहे म्हणून बोचतो, वापरला की रुळेल. महापौर आणि दिनांक हे शब्द सावरकरांनी पुढे आणले तेव्हा तेही असेच बोचले असणार. आज ते कुणाला परके वाटतात का? एका वाचकाला कळलं नाही म्हणून शब्द टाकायचा ठरवलं, तर मराठीत विज्ञान कधी लिहिताच येणार नाही.

अलिबागकर:
ताई, ‘वेधक’ म्हणा. शब्द आपल्याकडे आहे आणि तो चुंबकाच्या मोजणीतच झिजलेला आहे. आमच्या अलिबागची वेधशाळा आठवा. आधी ही मोजणी कुलाब्याला व्हायची. मुंबईत ट्राम विजेवर चालणार असं ठरलं, आणि त्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार हे नानाभॉय मूस यांनी ओळखलं. ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. १९०४ साली अलिबागला इमारत उभी राहिली, दगड पोरबंदरचा, कारण त्यात लोहाचा अंश नको. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी आकडेवारी जुळवता येईल.

माझे आजोबा तिथे कामाला होते. किल्ल्या, घड्याळ, चाकू, सगळं बाहेर काढून ठेवायचं आणि मग आत जायचं. घरात ‘मापन’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. “आज वेध नीट लागले नाहीत” असंच ते म्हणायचे.

प्रयोगशाळेतून:
अलिबागची गोष्ट इथे अगदी बरोबर बसते. ह्या हेल्मेटची अडचणही तीच आहे. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेर साधारण शंभर फेम्टोटेस्ला असतं (चुंबकीय क्षेत्राचं अगदी बारीक माप). पृथ्वीचं त्याच्या पन्नास कोटी पट. त्यात लिफ्ट, गाड्या, खुर्चीतला खिळा. म्हणून तपासणीची खोली खास मिश्रधातूच्या पत्र्यांनी मढवतात, आणि उरलेलं क्षेत्र तारांच्या वेटोळ्यांनी मारतात. मूस ट्रामपासून लांब गेले, इथे ट्राम खोलीबाहेर अडवावी लागते.

शब्द ठरवण्याआधी यंत्र काय करतं ते बघू या. अंगठ्याच्या पेराएवढी डबी असते. तिच्या आत काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ, सुमारे १५० अंशांना तापवलेली. बाहेरून वेष्टन असतं, त्यामुळे डोकं भाजत नाही. लेझर त्या अणूंना एका दिशेने रांगेत उभं करतो. रांग सरळ असेतो प्रकाश आरपार जातो. मेंदूतून इवलंसं चुंबकीय क्षेत्र आलं की रांग ढळते आणि पलीकडे पोचणारा प्रकाश कमी होतो. तेवढंच मोजायचं. हे यंत्र कुणाच्या मनातलं जाणत नाही आणि कुठे टोचतही नाही. ते फक्त टिपतं. मी तर ‘टिपणारं यंत्र’ लिहीन.

जुन्या यंत्रात द्रवरूप हेलियम लागायचा, उणे २६९ अंश. थंडी आणि कवटी यांच्यामध्ये जाड भिंत, त्यामुळे टिपणारा भाग डोक्यापासून दोन-तीन सेंटीमीटर दूर. लहान मुलांचं डोकं त्या मोठ्यांच्या साच्यात आणखी दूर राहायचं. नव्या डबीने हे अंतर खूप कमी झालं. पालकांना हेच सांगा.

आणि ‘पेशींची सक्रियता’ हे बदला. एका पेशीचं ह्या हेल्मेटला काहीच कळत नाही. हजारो पेशी एका वेळी, एका दिशेने काम करतील तेव्हाच बाहेर काही पोचतं. एका पेशीचा चुंबकीय ठसा वेगळ्या यंत्राने घेतलाय, हिऱ्याने. २०१६ साली हार्वर्डच्या गटाने समुद्री किड्याच्या आणि माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड चेतातंतूवर तो मिळवला. हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक रिकामी जागा, अशी खोट मुद्दाम ठेवतात. हिरवा प्रकाश पाडला की ती लाल उजळते, आणि चुंबकीय क्षेत्र बदललं की तिचा उजेड बदलतो.

निरुक्त:
अलिबागकर, ‘वेधक’चा धातू बघा. व्यध्, म्हणजे भोसकणे. कर्णवेध म्हणजे कान टोचणे. लेकराच्या डोक्याला वेधक लावणार, असं वाचून कोणती आई पुढे येईल? शिवाय मराठीत वेधक म्हणजे लक्ष खेचणारं. वेधक नजर, वेधक शीर्षक.

अलिबागकर:
धातू काय म्हणतो यापेक्षा माणसं काय म्हणतात ते बघा. ग्रहणाचे वेध लागतात तेव्हा कोण कुणाला टोचतं? पावसाचे वेध, सुट्टीचे वेध. लांबून येणाऱ्या गोष्टीची चाहूल म्हणजे वेध, आणि डोक्याला हात न लावता आतली चाहूल घेणाऱ्या यंत्राला हाच शब्द शोभतो.

वऱ्हाडी:
सेन्सर लिहा आणि मोकळ्या व्हा. गाडी मागे घेताना सेन्सर वाजतो, मॉलचं दार सेन्सरवर उघडतं, आमच्या गावातला मेकॅनिकही “सेन्सर गेला” म्हणतो. वहिनींना सेन्सर ठाऊक असणारच.

माझा खरा राग ‘पुंज’वर आहे. आमच्याकडे पुंजका म्हणजे बोंडातून निघालेल्या कापसाचा गोळा. तारकापुंज, तेजपुंज, सगळीकडे ढीगच. आणि क्वांटम म्हणजे ज्याहून लहान तुकडा होत नाही ते! अर्थ पुरता उलटा झाला.

प्रयोगशाळेतून:
पुरता उलटा नाही. भौतिकशास्त्रज्ञ प्लांक यांनी १९०० साली मांडलं ते असं, की ऊर्जा सलग वाहत नाही, तिच्या जुड्या असतात. जुडी म्हणजे पुंज, अशा विचाराने विश्वकोशात पुंज सिद्धांत आला. पण बोलताना मी क्वांटमच म्हणतो. २०२३ साली मंजूर झालेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन मराठी पेपरांतही क्वांटमच राहिलं, आणि त्यातलं सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

आजी_सातारा:
मी तीस वर्षं नर्स होते. ‘चेतापेशी’ लिहिलंत ते बरं केलंत, ‘मज्जापेशी’ लिहू नका. मज्जा मुळात हाडातली. एका बापाला आम्ही सांगितलं, मुलाच्या मज्जासंस्थेची तपासणी करायची आहे. तो रात्रभर बाकावर रडत बसला. त्याच्या भावाला अस्थिमज्जेचा कर्करोग होता. त्याला वाटलं, पोरालाही तेच झालं. शब्दाने एवढं होतं.

आणि ‘फायर’ला तुमच्याकडे शब्द आहे की. चेतते. चूल चेतते तशी पेशी चेतते. आमच्या आईचा रोजचा शब्द.

निरुक्त:
आजी, सुंदर. पण ‘चेता’ चित्-वरून, जाणीव या अर्थाने आलेला. ‘चेतणे’ म्हणजे पेटणे, हे त्याच मुळाचं की दुसरं, ते तपासायला हवं. चेतवणे, चेतना, चेताविणे... मला हे मूळ एकच वाटतं, जागं होणं या अर्थाने.

वऱ्हाडी:
पेटणे नको! मेंदूतल्या पेशी चेतल्या असं वाचून लोक मेंदूला आग लागली म्हणतील.

शब्दवेडी:
आजी, ‘चेतते’ घेतला. वहिनींना फोनवर वाचून दाखवलं, “पुष्कळ पेशी एकदम चेतल्या की आकडी येते.” त्या म्हणाल्या, “हां, तसंच होतं.” ‘पेशींची सक्रियता’ काढलं, ‘हजारो पेशी एकत्र’ केलं. संवेदक-वेधकवर मन बसत नाहीये, उद्या पुस्तिका द्यायची आहे, तूर्त ‘सेन्सर’. पण आता नवीनच प्रश्न. संपादक म्हणतात ‘आकडी’ काढा, ‘अपस्मार’ लिहा.

वऱ्हाडी:
अपस्मार कोण म्हणतं? आमच्याकडे मिरगी.

अलिबागकर:
आम्ही फेफरं म्हणायचो. आकडी तापात येते ती.

आजी_सातारा:
केसपेपरवर आम्ही फिट लिहायचो. आया आकडी म्हणायच्या, पण मूल ऐकत असलं तर तेही नाही. “ह्याला ते आलं होतं पहाटे,” एवढंच. वहिनी त्याच्यासमोर कोणता शब्द वापरतात, ते विचाराल का?